राजे, दुष्काळ आणि भरवसा: यिर्मयाच्या वचनामागचा इतिहास

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या सतराव्या अध्यायातल्या चार ओळी (५ ते ८) मराठवाड्याच्या माणसाला उलगडून सांगाव्या लागत नाहीत. माणसावर भिस्त ठेवून परमेश्वरापासून मन फिरवणारा खारवट, ओसाड रानातल्या झुडपासारखा होतो. परमेश्वरावर भाव ठेवणारा पाण्याकाठच्या झाडासारखा असतो आणि अवर्षणाच्या वर्षीही त्याला घोर लागत नाही. १९७२ सालचा दुष्काळ ज्यांनी सोसला आणि २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांना अवर्षणाचं वर्ष म्हणजे काय ते ठाऊक आहे. यिर्मयालाही ते ठाऊक होतं. त्याच्या चौदाव्या अध्यायात खरा दुष्काळ आहे. मोठमोठे लोक नोकरांना पाण्याला धाडतात आणि ते रिकामी भांडी घेऊन परततात. जमिनीला भेगा पडल्यात, शेतकरी खालमानेनं डोकं झाकून घेतो. याच संदेष्ट्यानं दुसऱ्या अध्यायात लोकांवर ठपका ठेवला होता, की तुम्ही जिवंत पाण्याचा झरा सोडून फुटके हौद खोदत बसलात.

पण हे वचन नुसत्या पाण्यापुरतं नव्हतं. त्यामागे यहूदाच्या छोट्या राज्याचं दीडशे-दोनशे वर्षांचं राजकारण होतं. उत्तरेला आधी अश्शूर (असिरिया) आणि मग बाबेल (बॅबिलोन), दक्षिणेला मिसर (इजिप्त), आणि मध्ये चिमटीत सापडलेली यहूदाची राजधानी यरुशलेम. प्रत्येक संकटात राजदरबाराला एकच उपाय सुचे: मिसराकडे माणसं पाठवा, घोडे आणि रथ मागवा. यशया या संदेष्ट्यानं याला उघड विरोध केला. मिसरी माणसंच आहेत, देव नव्हेत, असं त्यानं एकतिसाव्या अध्यायात स्पष्ट सांगितलं. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला, तेव्हा त्याच्या सरदारानंही यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांना हेच सुनावलं: मिसर म्हणजे चेचलेला बोरू, टेकणाऱ्याच्या हातातच घुसतो.

शंभराहून अधिक वर्षांनी यहूदाच्या सिद्कीया राजानं तीच वाट धरली. बाबेलच्या सैन्यानं यरुशलेमला वेढा घातला होता. मिसराहून फारोची फौज निघाल्याची बातमी आली, वेढा काही काळ उठलाही. सगळ्यांना हायसं वाटलं. यिर्मयानं मात्र सांगितलं, की ही फौज आल्या पावली परत जाईल. तसंच झालं. इ.स.पू. ५८७-८६ च्या सुमारास नगर पडलं, मंदिर जळालं, आणि सिद्कीयाचे डोळे फोडून त्याला बाबेलास नेलं.

यातून काही जण असा अर्थ काढतात, की माणसाची मदत घेणंच पाप. यहूदाच्या आसा राजाचा दाखला त्यासाठी हटकून दिला जातो: पाय दुखू लागले तेव्हा तो परमेश्वराकडे न वळता वैद्यांकडेच गेला (२ इतिहास १६). पण त्याच अध्यायात आधी काय घडलं तेही वाचायला हवं. आसानं मंदिरातलं सोनं-रुपं काढून मदतीसाठी अरामाच्या (सिरियाच्या) राजाला दिलं आणि याबद्दल बोलणाऱ्या हनानी द्रष्ट्याला कैदेत टाकलं. त्याचं मन आधीच फिरलेलं होतं. हिज्कीया आजारी पडला तेव्हा तर खुद्द यशयानंच गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितला. डॉक्टर नको, प्रार्थनाच पुरे, असं कुणी आजाऱ्याच्या नातेवाइकांना सांगत असेल तर तो पवित्र शास्त्र अर्धवट वाचतो, आणि त्यानं जीव जाऊ शकतो. ख्रिस्ती मिशननं जालन्यात दवाखाना उभा केला तो काही अविश्वासापोटी नव्हे.

जालन्याचंच आणखी एक उदाहरण इथे आठवतं. रेव्ह. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले, १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं. तिथे आलेल्यांत मातंग समाजातली कुटुंबं बरीच होती. गावासाठी जमीन मिळाली ती निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून. म्हणजे अधिपतींवर भरवसा ठेवू नका, हे १४६ वं स्तोत्र गाणारी मंडळी एका अधिपतीच्याच जमिनीवर राहत होती. मला यात विसंगती दिसत नाही. यरुशलेमला परत निघालेल्या एज्रा या शास्त्र्यानं पारसाच्या राजाकडे वाटेवरच्या संरक्षणासाठी शिपाई मागायला संकोच केला आणि उपास करून देवाचा धावा केला. यरुशलेमचा कोट बांधायला गेलेल्या नहेम्यानं मात्र त्याच राजघराण्याकडून पत्रं, लाकूड आणि स्वारही घेतले, तेही आधी प्रार्थना करून. शास्त्रात दोघांनाही मान आहे.

त्याच स्तोत्राची पुढली ओळ सांगते, की माणसाचा श्वास जातो, तो मातीला मिळतो आणि त्याच दिवशी त्याचे बेत संपतात. सालारजंग १८८३ मध्ये वारले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ताही संपली. १९७० मध्ये अनेक मिशनांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली. ज्यांच्या आश्रयानं मंडळ्या उभ्या राहिल्या ते गेले, उपासना चालू राहिली.

यिर्मयाच्या आयुष्यातली एक गोष्ट या विषयात फारशी सांगितली जात नाही, ती सांगायला हवी. सरदारांनी त्याला चिखलानं भरलेल्या हौदात सोडलं होतं. सिद्कीयाच्या वाड्यातल्या एबद-मलेख नावाच्या कूशी (मिसराच्या दक्षिणेकडच्या कूश देशातल्या) सेवकानं राजाकडे त्याच्यासाठी रदबदली केली आणि दोर सोडून त्याला वर ओढलं. दोर काचू नयेत म्हणून काखेत घालायला जुन्या चिंध्याही दिल्या. माणसावर भिस्त ठेवू नका म्हणणारा संदेष्टा माणसाच्याच हातून वाचला. नंतर परमेश्वरानं त्याच यिर्मयाकरवी एबद-मलेखला निरोप दिला (३९:१८): तू माझ्यावर भरवसा ठेवलास म्हणून तुझा जीव वाचेल.