वॉव संकेत

वॉव संकेत : १५ ऑगस्ट १९७७ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ‘बिग इअर’ या रेडिओ दुर्बिणीने धनु राशीच्या दिशेने टिपलेला तीव्र रेडिओ संकेत. पृथ्वीबाहेरील बुद्धिमान जीवसृष्टीच्या शोधात याच्याइतकी चर्चा दुसऱ्या कुठल्याच संकेताची झालेली नाही. काही दिवसांनी संगणकाचे छापील कागद चाळताना खगोलशास्त्रज्ञ जेरी एमन यांना तो दिसला. त्यांनी त्याभोवती लाल शाईने खूण करून शेजारी ‘वॉव!’ असे लिहिले.

कागदावरची ‘६ ई क्यू यू जे ५’ ही अक्षरे म्हणजे परग्रहवासीयांचा निरोप, असे अजूनही सर्रास छापून येते. ते चूक आहे. ती फक्त तीव्रतेची नोंद. पार्श्वभूमीच्या गोंगाटापेक्षा संकेत किती पट जोरकस, हे तिथे आधी आकड्यांनी आणि नऊच्या पुढे अक्षरांनी दाखवत. ‘यू’ म्हणजे सुमारे ३० पट. अशा सहा नोंदी मिळून ७२ सेकंद होतात. ही दुर्बीण आकाशाचा पाठलाग करत नसे. पृथ्वी फिरेल तसे आकाश तिच्यासमोरून सरके. स्थिर खगोलीय स्रोत तिच्या टप्प्यातून जायला तेवढाच वेळ लागे, आणि संकेत चढला-उतरलाही तसाच. त्यामुळे जवळपासचा एखादा ट्रान्समीटर म्हणून तो सहज झटकून टाकता येत नाही.

त्याची कंप्रताही (फ्रिक्वेन्सी) सूचक होती : १४२० मेगाहर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे हायड्रोजनच्या नैसर्गिक उत्सर्जनाजवळ. तारकांमधील संपर्कासाठी हीच कंप्रता योग्य ठरेल, असे भौतिकशास्त्रज्ञ कोकोनी आणि मॉरिसन यांनी १९५९ मध्ये सुचवले होते. शिवाय हा पट्टा रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखीव असल्याने तिथे प्रक्षेपणाला मनाई आहे. (नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय दुर्बीणही या कंप्रतेवर निरीक्षणे घेते.)

मात्र ‘बिग इअर’ दुर्बिणीला दोन ग्राहक शृंगे (रेडिओ लहरी टिपणारी शिंगाच्या आकाराची साधने) होती. सुमारे तीन मिनिटांच्या अंतराने दोन्हींत संकेत यायला हवा होता. आला एकातच. पुढे अनेकदा शोध घेतला गेला, संशोधक रॉबर्ट ग्रे यांनी तर १९९० च्या दशकात न्यू मेक्सिकोतील ‘व्हेरी लार्ज अ‍ॅरे’ ही रेडिओ दुर्बीणमाला वापरून पाहिली. पुन्हा काही सापडले नाही. पुन्हा न दिसलेल्या संकेताला विज्ञानात पुरावा म्हणता येत नाही, आणि एमन यांनीही त्यावरून मोठे निष्कर्ष काढायचे टाळले.

संकेत धूमकेतूभोवतीच्या हायड्रोजनमुळे आला असावा, हा खुलासा २०१७ मध्ये गाजला, पण तज्ज्ञांनी तो फेटाळला. थंड हायड्रोजन मेघ मॅग्नेटारसारख्या (अतितीव्र चुंबकीय क्षेत्र असलेल्या) ताऱ्याच्या स्फोटक उत्सर्जनाने क्षणभर उजळला असावा, ही २०२४ मधील कल्पना अधिक पटणारी आहे. अद्याप सिद्ध मात्र झालेली नाही.