माकडताप (क्यासनूर अरण्य रोग)

गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणारा विषाणुजन्य ताप. वैद्यकीय नोंदींत तो क्यासनूर अरण्य रोग किंवा केएफडी म्हणून येतो; सिंधुदुर्गात आणि गोव्यात लोक त्याला माकडतापच म्हणतात. दीर्घकाळ तो कर्नाटकातल्या मलेनाडू भागापुरताच आहे अशी समजूत होती. २०१२ नंतर मात्र बंदीपूर, निलगिरी, वायनाड असा त्याचा माग लागत गेला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात रुग्ण सापडले. पुढे सावंतवाडी तालुक्यातही.

१९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मोठ्या संख्येने मरू लागली आणि त्याच सुमारास भोवतालच्या गावांत माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) संशोधक तिथे पोहोचले तेव्हा त्यांना पीतज्वराची शंका होती. हाती आलेला विषाणू मात्र नवा निघाला. त्याचे जवळचे नाते रशियात गोचिडींतून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी होते.

हा विषाणू जंगलातले उंदीर, चिचुंद्र्या, माकडे आणि गोचिडी यांच्यात फिरत असतो. त्याची मुख्य वाहक हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड. पावसाळा सरता सरता अंड्यांतून पिल्ले बाहेर पडतात, आणि नोव्हेंबरपासून मेपर्यंत त्यांची पुढची अवस्था, म्हणजे अर्भक गोचीड, पाचोळ्यात दबा धरून असते. माणसाला मुख्यतः हीच चावते. ती तिळाहूनही लहान असल्यामुळे चावा अनेकदा कळतही नाही. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा धोक्याची बनते. गुरे आजारी पडत नाहीत, पण प्रौढ गोचिडी त्यांच्या रक्तावर पोसल्या जातात; म्हणून जंगलात चरणाऱ्या गुरांमुळे गोचिडींची संख्या वाढते. रुग्णाकडून दुसऱ्या माणसाला हा ताप होत नाही.

चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांनी एकाएकी थंडी वाजून ताप चढतो. कपाळ ठणकते, कंबर आणि पोटऱ्या भयंकर दुखतात, डोळे लाल होतात, उलट्या-जुलाब सुरू होतात, माणूस गळून जातो. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून किंवा आतड्यांतून रक्त येते. रक्तदाब उतरतो, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटतात. बहुतेक रुग्ण एक-दोन आठवड्यांत सावरतात. पण दहा ते वीस टक्के रुग्णांना मधे काही दिवस बरे वाटून तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप येतो, आणि या वेळी डोकेदुखी, मान ताठणे, हातापायांना कंप, भ्रम अशी मेंदूची लक्षणे दिसतात. म्हणून ताप उतरला म्हणजे रुग्ण सुटला, असे धरून चालत नाही. मृत्यूचे प्रमाण तीन ते पाच टक्के आहे.

खरी अडचण निदानाची. पहिल्या दोन-तीन दिवसांत डेंग्यू, लेप्टो, मलेरिया, स्क्रब टायफस यांतून माकडताप नुसत्या लक्षणांवरून वेगळा काढता येत नाही. कोकणातले डॉक्टर लेप्टो आणि डेंग्यूसाठी पावसात सावध असतात. माकडताप येतो तो नेमका कोरड्या दिवसांत, काजूच्या हंगामात. त्यामुळे जानेवारी ते मे या काळात तापाच्या रुग्णाला विचारायचा प्रश्न कोणत्याही तपासणीइतकाच मोलाचा आहे: काजू वेचायला, लाकडे आणायला, पातेरा गोळा करायला रानात गेला होतात का? आसपास माकड मेलेले दिसले का? उत्तर ‘हो’ आले तर रक्ताचा नमुना लगेच पाठवावा. सुरुवातीच्या दिवसांत आरटी-पीसीआर चाचणीत विषाणू सापडतो. नंतर त्याचे प्रमाण घटते आणि शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली आयजीएम प्रतिपिंडे शोधणाऱ्या एलायझा चाचणीवर विसंबावे लागते.

या विषाणूवर नेमके औषध नाही. गोचिडीमुळेच होणारा लाइम आजार जीवाणूचा असल्याने डॉक्सिसायक्लिनसारख्या प्रतिजैविकाने बरा होतो. माकडतापावर ते चालत नाही. मात्र स्क्रब टायफसही जीवाणूचाच आणि याच औषधाने बरा होणारा, म्हणून त्याची शंका फिटेपर्यंत डॉक्टर ते देतात, आणि ते योग्यच आहे. बाकी उपचार आधाराचे: शिरेतून द्रव, तापासाठी पॅरासिटामॉल, रक्तदाब आणि प्लेटलेट यांच्यावर सतत नजर, गरजेप्रमाणे रक्तघटक. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या रक्तस्राव वाढवतात, म्हणून अंगदुखी असह्य झाली तरी दुकानातून आणून घेऊ नयेत.

रानात जाताना अंगभर कपडे घालावेत आणि उघड्या अंगाला गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे. कर्नाटकात गावोगावी डेपा तेल वाटले जाते. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून साबणाने अंघोळ करावी. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल ओतू नये, चटका देऊ नये, नखाने चिरडू नये. मेलेल्या माकडाला हात न लावता वनखात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे, म्हणजे त्या जागेभोवती कीटकनाशक टाकता येते.

कर्नाटकात १९९० पासून कोंबडीच्या भ्रूणपेशींत वाढवून निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस दिली जात असे. तिचे डोस पुन्हा पुन्हा घ्यावे लागत आणि टोचल्यावर हात दुखे. अनेकजण पुढचा डोस चुकवत. पुढे तिची परिणामकारकताच अपुरी आढळल्याने २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. नव्या लशीचे काम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हाती घेतले आहे.