नॉर्मंडीच्या किनाऱ्याची उतराई

फ्रान्समधल्या कोलव्हिल-सुर-मेर इथल्या अमेरिकन दफनभूमीत एखाद्या सैनिकाचे नातेवाईक आले, की तिथले कर्मचारी बादलीत ओली वाळू घेऊन त्यांच्यासोबत थडग्यापर्यंत जातात. वाळू टेकडीखालच्या ओमाहा किनाऱ्यावरची असते. पांढऱ्या संगमरवरात कोरलेले नाव एरवी दगडातच विरून गेल्यासारखे दिसते. अक्षरांच्या खाचांत वाळू चोळून वरची पुसून काढली की ते सोनेरी होऊन उठून दिसते. पाऊस आला की वाळू धुऊन जाते आणि पुढच्या नातेवाइकांसाठी ती पुन्हा चोळावी लागते.

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचे सैन्य जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये नॉर्मंडीला उतरले, त्या ६ जूनचे दर वर्षी टीव्हीवर दिसणारे सोहळे, राष्ट्राध्यक्षांची रांग, आकाशातली विमाने, चाकाच्या खुर्चीत बसलेले शंभरीतले जवान हे सगळे पाहिले की वाटते, १९४४ पासून हे असेच चालत आले असणार. तसे मुळीच नाही. त्या किनाऱ्यावर उतरलेल्यांचे आभार सरकारांनी फार उशिरा मानले. त्याआधी कित्येक वर्षे ते काम गावातल्या माणसांनी, विशेषतः बायकांनी, फुले आणि पत्रे यांच्या जोरावर केले. ही पार्श्वभूमी ठाऊक असली की सोहळे वेगळे दिसू लागतात.

चढाईची हकीकत बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. खराब हवामानामुळे एक दिवस पुढे ढकललेली ही मोहीम ६ जून १९४४ रोजी पार पडली. यूटा आणि ओमाहा या किनाऱ्यांवर अमेरिकन, गोल्ड आणि स्वोर्डवर ब्रिटिश आणि जुनोवर कॅनेडियन सैनिक उतरले. समुद्रातून आणि हवेतून मिळून एका दिवसात सुमारे १,५६,००० माणसे फ्रान्सच्या भूमीवर आली. त्यांना आणणारी लहानमोठी जहाजे आणि होड्या सात हजारांच्या घरात होत्या. दोस्त राष्ट्रांच्या ४,४०० हून अधिक सैनिकांनी त्या एका दिवसात प्राण गमावले. ओमाहाच्या पहिल्या लाटेत व्हर्जिनिया राज्यातल्या बेडफर्ड या छोट्या गावची मुले एकाच कंपनीत होती. त्यांच्या मृत्यूच्या तारा गावात पोहोचल्या त्या १७ जुलैला, म्हणजे जवळजवळ सहा आठवड्यांनी. लागोपाठ तारा येऊ लागल्या तेव्हा तार यंत्रावर बसलेल्या मुलीला काय वाटले असेल, याची कल्पनाच करवत नाही. अमेरिकेचे राष्ट्रीय डी-डे स्मारक (डी-डे म्हणजे या चढाईचा दिवस) याच गावात उभे राहिले, पण तेही २००१ साली.

या उतराईची, म्हणजे आभार मानण्याची, सुरुवात झाली सँत-मेर-एग्लीझ या गावात. इथे रात्रीच्या अंधारात अमेरिकन छत्रीधारी सैनिक उतरले होते. गावाचे महापौर अलेक्सांद्र रनो यांचे औषधांचे दुकान होते. त्यांच्या पत्नी सिमोन. चढाईनंतर गावाभोवती तीन तात्पुरत्या दफनभूमी झाल्या आणि हजारो अनोळखी मुले तिथे विसावली. त्यांत ब्रिगेडियर जनरल थिओडोर रूझवेल्ट ज्युनियर हेही होते. माजी राष्ट्राध्यक्षांचे हे पुत्र वयाच्या ५६ व्या वर्षी यूटा किनाऱ्यावर पहिल्या लाटेत उतरले आणि महिनाभराने, १२ जुलैला, हृदयविकाराने गेले. त्यांच्या थडग्यावर फुले ठेवणाऱ्या सिमोनबाईंचे छायाचित्र अमेरिकेतल्या ‘लाइफ’ मासिकात छापून आले, आणि मग पत्रांचा ओघ सुरू झाला.

पत्रे आयांची होती, विधवांची होती. मागणे साधेच असे. माझा मुलगा तुमच्या गावाजवळ पुरला आहे म्हणतात, त्याच्या थडग्यावर एक फूल ठेवाल का? सिमोनबाई ते थडगे शोधत, फूल ठेवत, छायाचित्र काढून पाठवत, सोबत पत्र लिहीत. त्या काळात समुद्र ओलांडून येणे सामान्य अमेरिकन कुटुंबाच्या आवाक्यातले नव्हते. पोटच्या पोराची माती पाहिलेली एकमेव व्यक्ती म्हणजे ही परक्या देशातली बाई. हा पत्रव्यवहार आठवडा-दोन आठवड्यांत आटोपला नाही. १९८८ साली त्या वारल्या तोवर, चार दशके, तो या ना त्या रूपात सुरू राहिला. मला विचाराल तर नॉर्मंडीतले सगळ्यात मोठे स्मारक ही पत्रेच आहेत.

मधल्या काळात थडगी हलली. अमेरिकन सरकारने प्रत्येक कुटुंबाला विचारले, देह मायदेशी आणायचा की तिथेच ठेवायचा? निम्म्याहून अधिक कुटुंबांनी परत आणायला सांगितले. उरलेल्यांसाठी ओमाहाच्या वरच्या टेकडीवर कायमची दफनभूमी झाली आणि जुलै १९५६ मध्ये तिचे समर्पण झाले. तिथे आज ९,३०० हून अधिक थडगी आहेत आणि ज्यांचे देह सापडले नाहीत अशा १,५५७ जणांची नावे भिंतीवर कोरलेली आहेत. सगळ्या थडग्यांची तोंडे पश्चिमेला, घराच्या दिशेला आहेत.

ब्रिटिशांची रीत निराळी. जो जिथे पडला त्याला त्याच मुलखात ठेवायचे, पण थडग्याच्या तळाशी एक ओळ घरच्यांना कोरून घेता येते. नॉर्मंडीतल्या बाय्यो इथल्या दफनभूमीत त्या ओळी वाचत फिरले तर दोन-चार शब्दांत मावलेले अख्खे संसार दिसतात. समोरच्या स्मारकावर मात्र लॅटिनमध्ये मोठ्या दिमाखाचे वाक्य आहे: विल्यमने जिंकलेल्या आम्ही त्या जेत्याचीच मायभूमी मुक्त केली. १०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकून बसला होता, त्याचा हा संदर्भ. वाक्य देखणे आहे, पण मला आयांच्या ओळी जास्त जवळच्या वाटतात.

फ्रान्सच्या सरकारला मात्र हे आभार सहज जमले नाहीत, आणि त्याला कारणे होती. बाय्योचे उपविभागीय अधिकारी झालेले रेमाँ त्रिबुले यांनी १९४५ मध्येच स्मरणसमिती स्थापन केली, आणि ५ जून १९५४ रोजी आरोमाँशला राष्ट्राध्यक्ष रने कोती यांच्या हस्ते संग्रहालयाचे उद्घाटन झाले. पण १९६४ मध्ये विसावे वर्ष आले तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेले द गॉल नॉर्मंडीला फिरकले नाहीत. स्वतंत्र फ्रेंच सेनेचे नेते असूनही चढाईचा बेत त्यांना अगदी शेवटच्या घटकेला, दोनच दिवस आधी सांगितला गेला होता, ते शल्य त्यांच्या मनात होते. दोनच महिन्यांनी, दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या चढाईच्या स्मरणाला ते आवर्जून गेले, कारण तिथे फ्रेंच सेना मोठ्या संख्येने लढली होती. राग समजू शकतो. तरीही स्वोर्ड किनाऱ्यावर फ्रेंच अधिकारी किफेर यांच्या नेतृत्वाखाली उतरलेल्या १७७ फ्रेंच कमांडोंनी काय करायचे होते? तेही या अबोल्यात झाकले गेले. त्यांच्यातले शेवटचे, लेऑन गोत्ये, जुलै २०२३ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी वारले.

दुसरे कारण अधिक खोल आहे. मुक्त करायला आलेल्यांच्याच बॉम्बखाली नॉर्मंडीची गावे गेली. काँ उद्ध्वस्त झाले, सँ-लो जवळपास नकाशावरून पुसले गेले, आणि त्या उन्हाळ्यात सुमारे २०,००० नागरिक मेले. ज्या घरातली आजी बॉम्बने गेली त्याच घराने सैनिकाच्या थडग्यावर फूल ठेवायचे, हे सोपे नव्हते. लोकांनी ते केले आणि स्वतःच्या दुःखाबद्दल गप्प राहिले. सरकारने नागरिकांच्या मृत्यूंना मानाने आठवले ते २०१४ साली, फ्रान्स्वा ओलांद यांनी काँमध्ये. २०२४ मध्ये इमॅन्युएल मॅक्रों त्यासाठीच सँ-लोला गेले. सत्तर-ऐंशी वर्षे फारच झाली.

आज आपण पाहतो तो सोहळा १९८४ मध्ये घडला. त्याआधी, जानेवारी १९७८ मध्ये, जिमी कार्टर ओमाहाला येऊन गेले होते, पण चाळिसाव्या वर्षी रोनाल्ड रेगन पॉइंत द्यू ओकच्या कड्यावर उभे राहून बोलले तेव्हा समोर १९४४ मध्ये तोच कडा चढून गेलेले रेंजर, म्हणजे अमेरिकन कमांडो, बसले होते. २२५ च्या आसपास जण उतरले होते आणि दोन दिवसांनी लढू शकतील असे ९० च्या आसपास उरले होते. तेव्हापासून राष्ट्रप्रमुखांनी यायचे, अशी प्रथा पडली. जर्मनीचा चॅन्सेलर पहिल्यांदा बोलावला गेला तो २००४ मध्ये, गेरहार्ड श्रोडर. त्यांचे वडील त्याच १९४४ साली रुमानियात जर्मन सैनिक म्हणून पडले होते.

जवान स्वतःही उशिराच बोलू लागले. परत आल्यावर नोकरी, घर, मुले यांत तीस-चाळीस वर्षे गेली आणि घरातही कुणी फारसे विचारले नाही. ब्रिटनमधली नॉर्मंडीच्या माजी सैनिकांची संघटना १९८१ मध्ये स्थापन झाली आणि सभासद उरेनात म्हणून २०१४ मध्ये विसर्जित झाली. त्याच वर्षी फ्रान्सने हयात ब्रिटिश सैनिकांना लेजियन ऑफ ऑनर हा आपला सर्वोच्च सन्मान द्यायचे ठरवले. नव्वदीतल्या हातांत पदक पडले. वेव्हरली वुडसन या कृष्णवर्णीय अमेरिकन वैद्यकीय जवानाने स्वतः जखमी असताना ओमाहावर तासन् तास इतरांवर उपचार केले होते. त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस हे शौर्यपदक मिळाले २०२४ मध्ये. ते २००५ मध्येच गेले होते.

ब्रिटिशांचे स्वतःचे नॉर्मंडी स्मारक तर ६ जून २०२१ रोजी खुले झाले. गोल्ड किनाऱ्यावर नजर ठेवून उभ्या असलेल्या त्याच्या खांबांवर पडलेल्यांची २२,४४२ नावे आहेत. त्यासाठी हॅरी बिलिंज यांनी पन्नास हजार पौंडांहून जास्त निधी जमवला. ते अठराव्या वर्षी गोल्डवर उतरले होते, पुढे केशकर्तनाचा व्यवसाय केला आणि म्हातारपणी कॉर्नवॉलमध्ये रस्त्यात टेबल मांडून बसत. आभार मानले की ते मागे सरत. खरे वीर तिकडेच राहिले, असे त्यांचे म्हणणे असे.

मराठी वाचकाच्या मनात इथे एक प्रश्न येतोच. भारतीय सेनेच्या डिव्हिजन नॉर्मंडीत नव्हत्या, त्या त्याच उन्हाळ्यात इटलीत लढत होत्या. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे पडले. वय अवघे २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यातल्या माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारले. इथेही तेच. जिथे रक्त सांडले त्या गावाने एकोणऐंशी वर्षांनी आठवण ठेवली.

ऐंशीव्या वर्षी, जून २०२४ मध्ये, आलेले जवान बहुतेक शंभरीच्या उंबरठ्यावरचे होते. पुढच्या मोठ्या सोहळ्याला त्यांच्यातले किती असतील, हे सांगायला नको. नॉर्मंडीत ‘ले फ्लर द ला मेमुआर’, म्हणजे ‘स्मरणाची फुले’, नावाची संस्था आहे. तिचे स्वयंसेवक अमेरिकन दफनभूमीतले एखादे थडगे दत्तक घेतात. वर्षातून निदान एकदा तिथे फूल ठेवायचे, एवढाच नियम. ज्याच्यासाठी फूल ठेवतात तो कोण होता, घरी कोण होते, हे ते शोधून काढतात, आणि पत्ता लागला तर पत्र लिहितात.