लांडगा रबरी दिसतो तेव्हा मिक्सरच्या भांड्यात काय चुकलेलं असतं?

२००२ सालच्या 'डॉग सोल्जर्स' या ब्रिटिश भयपटावरून प्रेक्षकांमध्ये एक वाद हमखास होतो. स्कॉटलंडच्या डोंगरात सरावाला गेलेली सैनिकांची तुकडी, रानातलं एकाकी घर, पौर्णिमेची रात्र आणि बाहेर लांडगे झालेली माणसं, एवढाच सगळा मामला. नील मार्शल या दिग्दर्शकाचा हा पहिला चित्रपट. चित्रीकरण बरंचसं लक्झेंबर्गमध्ये, सुपर १६ मिलिमीटर फिल्मवर आणि हॉलिवूडच्या मानाने किरकोळ पैशात झालं. यातले लांडगे संगणकावर बनवलेले नाहीत. पोशाखात शिरलेली माणसं आहेत आणि यंत्राने हलणारी मुंडकी आहेत. काही प्रेक्षक म्हणतात की हे लांडगे रबरी दिसतात, जत्रेतल्या मुखवट्यांसारखे. बाकीचे म्हणतात की संगणक वापरला नाही म्हणूनच ते खरे वाटतात.

दोघांची नजर चांगली आहे, निदान मात्र दोघांचंही चुकतं. दिसण्यातला रबरीपणा रबर वापरल्यामुळे येत नाही. १९८१च्या 'अॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'मधलं माणसाचा लांडगा होण्याचं दृश्य रिक बेकरने उजेडाने भरलेल्या खोलीत, काहीही न लपवता उभं केलं आणि रंगभूषेचं पहिलं नियमित ऑस्कर मिळवलं. तिथेही सगळी करामत रबर आणि प्लॅस्टिकचीच होती. उलट बाजूने, 'संगणक नाही म्हणजे अस्सल' ही जाहिरातीतली घोषणा आहे. हाताने बनवलेला लांडगासुद्धा अगदी वाईट दिसू शकतो आणि त्याची कारणं नेमकी सांगता येतात.

खरा लांडगा गुरगुरतो तेव्हा नाकाच्या दोन्ही बाजूंचे स्नायू वरचा ओठ वर ओढतात आणि मुस्कटावर बारीक, दाट सुरकुत्या उमटतात. या सुरकुत्यांमागचं भौतिकशास्त्र आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसतं. दुधावरची साय चमच्याने हलकेच एका बाजूला ढकला. सायीवर बारीक लाटा उठतात, कारण पातळ, ताठ थर मऊ आधारावर बसलेला आहे आणि त्याला दाबलं की आखडण्यापेक्षा वाकणं त्याला सोपं जातं. कातडीचंही तसंच असतं. वरचा थर दशांश मिलिमीटर जाड आणि खालच्यापेक्षा तीसपट ताठ धरला, तर गणिताने दोन सुरकुत्यांमधलं अंतर सव्वा ते दीड मिलिमीटर येतं. आधार जितका मऊ, तितकी सुरकुती सहज पडते. पण मुस्कट एकाच जाड, ताठ रबराचं असेल तर मुंडक्याच्या यंत्राने ओठाची तार ओढल्यावर ते घडी न पडता अख्खंच ताणलं जातं. प्रेक्षकाला 'रबरी' वाटतं ते हे.

म्हणजे हवा आहे अतिशय मऊ आधार. तो मिळतो रबराच्या फेसापासून, रंगभूषेच्या धंद्यात ज्याला फोम लॅटेक्स म्हणतात. सच्छिद्र पदार्थाचा ताठरपणा साधारणपणे घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तेच रबर तिप्पट फुगवण्याऐवजी सहापट फुगवलं तर घनता निम्मी होते, पण मऊपणा चौपट होतो. हा वर्गाचा नियम लक्षात ठेवा, कारण स्वस्तातल्या लांडग्याचं नशीब याच आकड्यावर ठरतं.

कच्चा माल म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. केरळात, आणि आता आपल्या दोडामार्गातही, पहाटे झाडाला तिरपी चीर पाडून करवंटीत जमवतात तोच. तो सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे जोरात गरगरणाऱ्या यंत्रात, फिरवून दाट केला की त्यात साठ टक्के रबर उरतं आणि तो गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात. फोमच्या एका घाण्याचं रूढ प्रमाण असं: दाट चीक १५० ग्रॅम, फेसकारक साबण ३० ग्रॅम, गंधक आणि झिंक ऑक्साइडचं मिश्रण १५ ग्रॅम, आणि गोठवणारं द्रव्य १४ ग्रॅम. ही सगळी मापं वजनाची, आणि तीही ग्रॅमपर्यंत अचूक. चमच्याच्या मापाने केलं की घाणा फुकट गेलाच म्हणून समजा.

पहिली तीन द्रव्यं केक फेटायच्या स्टँड मिक्सरमध्ये मिनिटभर हळू ढवळायची, मग चारेक मिनिटं जोरात फेटून हवं तेवढं फुगवायचं. पुढचा टप्पा नवशिके गाळतात, तो म्हणजे वेग कमी करून आणखी चार-पाच मिनिटं सावकाश फेटणं. त्याने दोन कामं होतात. जास्तीचा अमोनिया उडून जातो आणि मोठे बुडबुडे फुटून सगळे एका मापाचे होतात.

एका मापाचे बुडबुडे का हवेत? बुडबुड्याच्या आतला जादा दाब हा पृष्ठताणाच्या दुपटीला त्रिज्येने भागल्यावर येतो. साबण मिसळलेल्या चिकाचा पृष्ठताण मीटरला ०.०३ न्यूटन धरू. दशांश मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्यात ६०० पास्कल जादा दाब, अर्ध्या मिलिमीटरच्या बुडबुड्यात १२० पास्कल. फरक ४८० पास्कल, म्हणजे पाण्याच्या जवळपास पाच सेंटिमीटर उंच स्तंभाएवढा. हे दोघे शेजारी असले की लहान बुडबुड्यातली हवा मधल्या पडद्यातून झिरपत मोठ्यात जाते. लहान नाहीसा होतो, मोठा आणखी मोठा होतो. सगळे सारखे असतील तर दाबही सारखा आणि हवेला सरकायला कारणच उरत नाही.

आता या फेसाचं पातळ द्रवापासून स्पंज कसं करायचं? यातलं रसायन मला फार देखणं वाटतं.

चीक हा दुधाचा भाऊच आहे. दुधात जसे प्रथिनांचे कण, तसे चिकात रबराचे कण. त्यांच्यावर प्रथिनांचं आणि स्निग्ध द्रव्यांचं आवरण असतं आणि त्या आवरणावर ऋण विद्युतभार. सारख्या भाराचे कण एकमेकांना ढकलतात, म्हणून चीक पातळ राहतो. आम्ल घातलं की भार मारला जातो, कण चिकटतात, चीक नासतो. दुधात लिंबू पिळल्यावर हेच होतं. पण लिंबू पिळलं की जिथे थेंब पडेल तिथे लगेच गोळा होतो आणि बाकीचं दूध तसंच राहतं. फेसात असं झालं तर संपलंच. दही मात्र एकसंध लागतं, कारण विरजणातले जिवाणू दुधात सगळीकडे पसरलेले असतात आणि आम्ल सावकाश, एकाच वेळी, सर्वत्र तयार करतात. फोम लॅटेक्सला असंच विरजण हवं असतं.

ते विरजण म्हणजे वरच्या यादीतलं गोठवणारं द्रव्य, सोडियम सिलिकोफ्लोराइड. हे पांढरं मीठ पाण्यात जेमतेम विरघळतं. विरघळलेला भाग पाण्याशी हळूहळू अभिक्रिया करतो, त्यातून सिलिका, फ्लोराइड आणि आम्ल बाहेर पडतं. सुरुवातीला मिश्रणाचा सामू (पीएच) दहाच्या आसपास असतो, तो पायरी-पायरीने आठाकडे घसरतो. अमोनिया आधीच्या फेटण्यात कमी झालेला असतो, त्यामुळे झिंकचे आयन मोकळे होऊन साबणाला गाठतात आणि त्याचा न विरघळणारा झिंक साबण बनतो. म्हणजे ज्या साबणाच्या जोरावर बुडबुडे टिकून होते तो संपत चालला आहे आणि त्याच वेळी रबराचे कण हातात हात घालू लागले आहेत. इथे शर्यत लागते. रबराचा सांगाडा आधी उभा राहिला आणि त्यानंतर लगेच पडदे फाटले, तर बुडबुडे एकमेकांत उघडतात. असा स्पंज दाबला की हवा सोडतो आणि हात काढला की परत फुगतो. पडदे आधी फाटले तर फेस बसतो. पडदे फाटलेच नाहीत तर प्रत्येक बुडबुडा बंद डबी होऊन राहतो, भट्टीतून काढल्यावर आतली हवा आकसते आणि मुस्कट चिपाडासारखं होतं.

म्हणून हे द्रव्य शेवटी, तीसेक सेकंदांत सावकाश ओतायचं आणि मिनिटभर हळू फिरवत सगळीकडे मिसळायचं. ते बाटलीच्या तळाशी बसतं, त्यामुळे आधी बाटली खळखळून हलवायची. त्यात रंगाचा एक थेंब टाकला तर नीट मिसळलं की नाही ते डोळ्यांना दिसतं. मग हातात मोजकी मिनिटं उरतात. तेवढ्यात फेस मोठ्या पिचकारीने साच्यात भरायचा. थोडा भांड्यात ठेवायचा आणि अधूनमधून बोटाने हलकेच दाबून बघायचा. बोटाला चिकटला नाही आणि खळगा भरून आला, की साच्यातलाही गोठला असं धरायचं.

खोलीचं तापमान २१-२२ अंश हवं. रासायनिक अभिक्रियेचा वेग दहा अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट होतो, त्यामुळे मे महिन्यात पंख्याखाली हे काम करायला गेलात तर फेस पिचकारीतच गोठेल. अर्धवट गोठलेला फेस साच्यात ढकलला की दोन प्रवाह भेटतात तिथे एकजीव होत नाहीत आणि गालावर रेघा उमटतात. उलट अमोनिया जास्त राहिला तर गोठायला उशीर होतो. तोवर बुडबुडे वर चढतात, द्रव खाली निथळतो आणि तळाला दाट, ताठ रबर जमतं. साचा सहसा चेहरा खाली करून ठेवलेला असतो, त्यामुळे तळाला येतं ते नाकाचं टोक आणि ओठ, म्हणजे जिथे सर्वाधिक मऊपणा हवा तेच भाग. घनता दुप्पट झाली की ताठरपणा चौपट, हा वर्गाचा नियम इथे चावतो. कमी पैशांच्या चित्रपटात दुसरा घाणा करायला ना वेळ असतो ना साचा मोकळा असतो. तेच मुस्कट रंगवून कॅमेऱ्यापुढे जातं.

गोठलेला साचा ८५ अंशांच्या भट्टीत तीन तास किंवा जास्त ठेवतात. गंधक रबराच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतो आणि फेसाला उसळी येते. कमी भाजला तर दाबलेला फेस दबलेलाच राहतो, जास्त भाजला तर तुकडे पडतात. तापमान शंभराच्या पुढे नेऊ नका, कारण साचा जिप्समचा असतो, म्हणजे गणपतीच्या पीओपीचाच कणखर भाऊ. तापला की त्याच्या स्फटिकातलं पाणी निघू लागतं आणि तो तडकतो. भट्टी बंद करून साचा आतच थंड होऊ द्यायचा. आणखी एक गोष्ट निक्षून सांगायला हवी: सिलिकोफ्लोराइड विषारी आहे आणि भाजताना गंधकाचे वायू निघतात. या कामाला वापरलेल्या भट्टीत, मिक्सरमध्ये किंवा भांड्यात पुन्हा कधीही खाण्याचं काही करू नका.

प्रकाशाचं थोडक्यात सांगतो. कातडीत प्रकाश काही मिलिमीटर आत शिरतो, त्यातला लाल सर्वांत लांब जातो, म्हणून चेहऱ्यावरच्या सावलीची कड मऊ आणि किंचित तांबूस दिसते. फेसातल्या असंख्य हवेच्या भिंती प्रकाश जागच्या जागी परतवतात, त्यामुळे फोम खडूसारखा निर्जीव दिसतो. सिलिकोन यात सरस आहे, पण लिटरभर सिलिकोन १,१०० ग्रॅम भरतं आणि तेवढाच फोम दोन-अडीचशे ग्रॅम. दिवसभर डोक्यावर कोणतं वागवायचं हे अंगात पोशाख घालणाऱ्याला विचारा. लांडग्याचं सुदैव असं की कातडी दिसते ती फक्त नाक, ओठ आणि पापण्यांवर, बाकी सगळं केसांखाली. पैसा थोडा असेल तर तो या तीन जागी घालावा. समोरून दिवा मारला की केस सपाट होतात. मागून मारला की प्रत्येक केसाची कड पेटते आणि मुस्कट अंधारात राहतं. 'डॉग सोल्जर्स'मध्ये लांडगे थोडा वेळ, सावलीत आणि बाह्यरेषेतच जास्त दिसतात. त्यात १६ मिलिमीटर फिल्मचे जाड कण बारकावे गिळतात.

आणि पडद्यावरचं ते चांदणं खरं नसतंच. लक्स या उजेडाच्या मापात पौर्णिमेचा उजेड जेमतेम पाव लक्स, भर दुपारचं ऊन लाखभर लक्स. पौर्णिमेवरून एक गैरसमजही दूर करायला हवा. शरीरात पाणी आहे, चंद्र समुद्राला ओढतो तसा माणसालाही ओढतो आणि त्याचं डोकं फिरवतो, असं शिकलेली माणसंही सांगतात. कोकणातल्या कुठल्याही कोळ्याला विचारा, उधाण अमावस्येलाही तेवढंच येतं. मग अमावस्येला कुणी लांडगा का होत नाही? अंगभर, चेहऱ्यावर दाट केस येणं ही जनुकांतल्या बदलाची दुर्मीळ स्थिती आहे. ती शाप नाही आणि दैवी खूणही नाही. अशा माणसांना शतकानुशतकं तमाशाची वस्तू बनवलं गेलं, ते या असल्या समजुतींमुळेच.

शेवटी फोमच्या आयुष्याबद्दल. रबराच्या साखळीत दुहेरी बंध असतात. त्यांना ऑक्सिजन, ओझोन आणि उजेड खातात, आणि फेसात हवा आरपार खेळत असल्याने हे फार लवकर होतं. घाम आणि चेहऱ्याचं तेल त्यात भर घालतात. चित्रीकरण लांबलं की आठवड्याभरात तोंडाचे कोपरे फाटू लागतात. रोज रात्री पोशाख आतून पुसून, वाळवून, टाल्कम पावडर लावून, अंधारात पुतळ्यावर चढवून ठेवावा. घडी केली तर घडीवरच तडा जातो. मुंडक्यात मोटारी असतील तर त्यांच्या तांब्याच्या तारा फोमला उघड्या टेकता कामा नयेत. तांब्याचे आयन ऑक्सिजनचं काम कितीतरी पटीने वेगात करून देतात आणि रबर आधी चिकट, मग भुसभुशीत होतं. तारांवर प्लॅस्टिकची नळी चढवायला पाच मिनिटं लागतात, आणि तेवढ्याने लांडग्याचा ओठ शेवटच्या दिवसापर्यंत टिकतो.