'मॅक टॅप करून येतो': फिलाडेल्फियाच्या बोलीतलं एटीएम

फिलाडेल्फियात वाढलेलं, आता पन्नाशी ओलांडलेलं कुणी 'मॅक टॅप करून येतो' म्हणालं, तर त्याला खात्यातून रोख काढायची असते. या मॅकचा संगणकाशी संबंध नाही, बर्गरशीही नाही. 'मनी ॲक्सेस सेंटर' हे फिलाडेल्फिया नॅशनल बँकेने १९७०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या एटीएमना दिलेलं नाव. मॅक ही त्याची आद्याक्षरं.

एका बँकेचं नाव सगळ्या शहराच्या तोंडी कसं बसलं, याचं उत्तर मला कायद्यात दिसतं. १९२७च्या मॅकफॅडन कायद्यामुळे अमेरिकी बँकांना राज्याबाहेर शाखा काढणं जवळपास अशक्य होतं. फिलाडेल्फिया ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्वेनियात तर मुख्यालयाची कौंटी (म्हणजे जिल्हा) आणि तिला लागून असलेल्या कौंट्या, एवढंच अंगण. शहरातल्या जिरार्ड बँकेला आपल्यात सामावून घ्यायचा फिलाडेल्फिया नॅशनलचा बेतही १९६३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीच्या मुद्द्यावर हाणून पाडला. शाखाही वाढेनात, विलीनीकरणही नाही! मग बँकेने आपलं एटीएमचं जाळंच इतर बँकांना शुल्क घेऊन खुलं केलं. कार्ड कुठल्याही बँकेचं असो, यंत्रावर पाटी मॅकचीच. पुढे पिट्सबर्गकडचं 'कॅशस्ट्रीम' जाळंही मॅकने गिळलं आणि शब्द राज्याच्या दुसऱ्या टोकाला पोचला.

असं प्रत्येक प्रदेशाचं वेगळं जाळं होतं. विस्कॉन्सिनमध्ये 'टेक युवर मनी एव्हरीव्हेअर'चं 'टाइम' झालं. तिथला माणूस परराज्यात 'टाइम मशीन कुठे आहे?' विचारतो आणि ऐकणारा चक्रावतो, हा विनोद तिकडे अजून चालतो. आपल्याकडे भारतीय बँक संघाने १९९७मध्ये मुंबईत 'स्वधन' नावाचं सामायिक जाळं सुरू केलं होतं. ते २००३मध्ये बंद पडलं.

मॅकचा दबदबा इतका वाढला, की १९९४मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने मक्तेदारीविरोधी दावा लावला. जाळ्यात यायचं तर यंत्रांवरच्या व्यवहारांची प्रक्रियाही आमच्याकडूनच करून घ्या, ही सक्ती तडजोडीत सोडावी लागली. त्याच वर्षी आंतरराज्य शाखांना मोकळीक देणारा कायदाही आला. १९९९मध्ये कॉन्कॉर्ड ईएफएस कंपनीने मॅक विकत घेतलं, नंतर 'स्टार' हे दुसरं एटीएम जाळंही घेतलं आणि मॅकच्या पाट्या उतरवून स्टारच्या लावल्या. 'स्टार टॅप करून येतो' मात्र कुणी म्हणू लागलं नाही. तोवर बड्या बँका राज्योराज्यी पोचल्या होत्या आणि यंत्रावर ठळक अक्षरांत स्वतःचंच नाव मिरवत होत्या.