आजार एक, विषाणू पाच: विषाणू आणि प्रायॉन यांच्या वर्गीकरणाची पार्श्वभूमी

हिपॅटायटिसच्या विषाणूंची नावं ए, बी, सी, डी, ई अशी ओळीने येतात, त्यामुळे ती पाच भावंडं असावीत असं वाटतं. प्रत्यक्षात पाचही वेगवेगळ्या कुळांतली आहेत. ए हा पोलिओच्या आणि साध्या सर्दीच्या काही विषाणूंचा नातलग, तर सी हा डेंग्यू आणि पीतज्वराच्या विषाणूंचा. बी मध्ये डीएनए असतो, बाकीच्या चौघांत आरएनए. डी तर इतका अपुरा, की बी चं आवरण उसनं घेतल्याशिवाय त्याला पुढच्या पेशीपर्यंत पोचताच येत नाही. पाचही जण यकृतावर हल्ला करतात, एवढाच त्यांच्यातला दुवा. याच्या उलट कांजिण्या आणि नागीण हे वेगळे भासणारे आजार एकाच विषाणूचे आहेत. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो चेतापेशींत दडून राहतो आणि कित्येक वर्षांनी नागीण होऊन वर येतो.

आजारावरून नाव देण्याची ही पद्धत आली, कारण सुरुवातीला हाताशी दुसरं काहीच नव्हतं. 1892 मध्ये रशियात दिमित्री इव्हानोव्स्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून काढला, तरी त्या रसाने निरोगी झाडांना लागण झालीच. 1898 मध्ये नेदरलँड्समध्ये मार्टिनस बायेरिंक यांनी हाच प्रयोग पुढे नेला. गाळलेला रस जिवंत, वाढत्या पेशींत वाढतो, बाहेर नाही, हे त्यांनी दाखवलं आणि त्या रोगकारकाला ‘व्हायरस’ म्हटलं. त्याच वर्षी जर्मनीत फ्रीडरिश लॉफलर आणि पॉल फ्रॉश यांना गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाचा कारकही गाळणीतून निसटतो असं आढळलं. पुढची कित्येक वर्षं विषाणूची व्याख्या नकारांवरच उभी होती: गाळणीत अडकत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, जिवाणूंसारखा बशीत वाढत नाही.

1935 मध्ये अमेरिकेत वेंडेल स्टॅनली यांनी तंबाखूच्या त्याच विषाणूचे स्फटिक मिळवले. विषाणू म्हणजे निव्वळ प्रथिन, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो चुकला. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक बॉडन, नॉर्मन पिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात आरएनए असल्याचं दाखवलं, आणि 1956 मध्ये तर प्रथिन काढून टाकलेला नुसता आरएनएही लागण करू शकतो हे सिद्ध झालं. रोग पसरवायला न्यूक्लिक आम्ल, म्हणजे डीएनए किंवा आरएनए, लागतंच, प्रथिन एकटं पुरत नाही, हे मग जीवशास्त्राने पक्कं धरलं. हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा, पुढे त्यालाच धक्का बसला.

वर्गीकरणाला खरा पाया मिळाला तो यानंतर. 1962 मध्ये आंद्रे ल्वॉफ, रॉबर्ट हॉर्न आणि पॉल तूर्निए यांनी आजार बाजूला ठेवून विषाणूच्या कणाकडेच बघायचं ठरवलं: आत डीएनए की आरएनए, कवचाची रचना कशी, त्यावर आवरण आहे की नाही. 1966 मध्ये मॉस्कोच्या सूक्ष्मजीवशास्त्र परिषदेत विषाणूंच्या नामकरणासाठी आंतरराष्ट्रीय समिती नेमली गेली. आजची वर्गीकरण समिती ती हीच. 1971 मध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांनी याहून नेमका प्रश्न विचारला: हा विषाणू संदेशवाहक आरएनए कोणत्या वाटेने बनवतो? पेशीला प्रथिनं बनवायला तो आरएनए हवाच, त्यामुळे कोणताही विषाणू या प्रश्नातून सुटत नाही. त्यांनी सहा गट पाडले. हिपॅटायटिस बी सारख्यांसाठी सातवा नंतर आला. इतकं साधं आणि इतकं सर्वव्यापी सूत्र जीवशास्त्रात क्वचितच सापडतं.

पण जिथे न्यूक्लिक आम्लच नाही, तिथे हा प्रश्न विचारणार कोणाला?

मेंढ्यांच्या मेंदूचा स्क्रेपी हा आजार 18व्या शतकापासून माहीत होता. 1954 मध्ये आइसलँडच्या ब्यॉर्न सिगुर्डसन यांनी स्क्रेपी आणि माएदी हा मेंढ्यांच्या फुप्फुसांचा आजार ‘मंदगती विषाणूं’च्या एकाच कल्पनेत बसवले. दोन्हींत लागण आणि लक्षणं यांत फार मोठं अंतर पडतं. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमध्ये मृतांचे अवयव खाण्याच्या विधीतून पसरणारा कुरू आजार 1957 मध्ये जगापुढे आला. त्याच्या रुग्णांच्या मेंदूची छायाचित्रं पाहताना पशुवैद्यक विल्यम हॅडलो यांना स्क्रेपीच्या मेंढ्या आठवल्या. 1959 मध्ये त्यांनी ते साम्य मांडलं. माझ्या मते या सगळ्या कहाणीतली सर्वांत मोलाची नजर हीच. 1966 मध्ये कुरू चिंपांझींना देता आला, म्हणजे तो संसर्गजन्य ठरला.

माएदीचा विषाणू पुढे एचआयव्हीचा दूरचा नातलग निघाला. स्क्रेपीचं मात्र जमेना. 1967 मध्ये टिक्वा आल्पर यांना दिसलं, की न्यूक्लिक आम्ल मोडणाऱ्या अतिनील किरणांनी स्क्रेपीचा कारक जवळजवळ बधत नाही. 1982 मध्ये स्टॅन्ली प्रुसिनर यांनी त्या कारकाला ‘प्रायॉन’ हे नाव दिलं आणि हा संसर्ग प्रथिनाचाच असल्याचं मांडलं. 1936 पासून चुकीची ठरलेली कल्पना परत येत होती, त्यामुळे विरोध तीव्र होता. हे प्रथिन बनवणारं जनुक आपल्याच पेशींत सापडलं. चुकीची घडी पडलेलं प्रथिन नीट घडीच्या प्रथिनालाही आपल्यासारखं करतं. 1993 मध्ये ते जनुक काढलेल्या उंदरांना स्क्रेपी झालाच नाही. 1997 मध्ये प्रुसिनर यांना नोबेल मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटनमध्ये ‘मॅड काऊ’ हा गुरांचा प्रायॉन आजार माणसांत आल्याची शक्यता सरकारने मान्य केली होती.

प्रायॉनचे आजार विभागले जातात ते उगमावरून: आपोआप उद्भवलेले, आनुवंशिक आणि बाहेरून आलेले. क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा माणसाच्या मेंदूचा आजार तर या तिन्ही वाटांनी होतो, बहुतेकदा आपोआप. आनुवंशिक गटात आजाराच्या नावाची जुनी अडचण पुन्हा भेटते. प्रथिनाच्या 178व्या जागेवरचा एकच बदल एका घराण्यात जीवघेणी निद्रानाशाची व्याधी आणतो, दुसऱ्यात क्रॉइट्झफेल्ट-याकोब. कोणता, हे ठरतं त्याच जनुकातल्या 129व्या जागेवर मेथिओनिन आहे की व्हॅलीन (दोन्ही प्रथिनं घडवणारी अमिनो आम्लं), यावरून.