मुरुड नक्की कुठलं? जंजिऱ्याचं की दापोलीचं

माझं माहेर दापोली तालुक्यातलं आणि सासर रोह्याचं. लग्न झालं त्या वर्षी दिवाळीनंतर सासूबाई म्हणाल्या, उद्या सगळे मुरुडला जाऊन येऊ, संध्याकाळपर्यंत घरी. मी लगेच आईला फोन केला की आम्ही मुरुडला येतोय, दुपारी जेवायला घरीच येतो, आणि आईने नारळ खवून सोलकढीची तयारीसुद्धा करून ठेवली. सकाळी गाडी निघाली तर महाडकडे न जाता पश्चिमेला डोंगरात चढायला लागली, तेव्हा मला कळलं की या घरात मुरुड म्हणजे जंजिऱ्याचं मुरुड. माझ्या माहेरी मुरुड म्हणजे हर्णैच्या पलीकडचं मुरुड. दोन्ही घरांत नुसतं "मुरुड" म्हणतात, पुढे काही लावत नाहीत, कारण त्यांच्यापुरतं मुरुड एकच असतं.

हे आज लिहायचं कारण म्हणजे गेल्या डिसेंबरात माझ्या नणंदेच्या मुलाचं असंच झालं. मित्रांना जंजिरा दाखवायचा म्हणून त्याने ऑनलाइन रूम बुक केली, पानावर फक्त "मुरुड बीच, महाराष्ट्र" एवढंच होतं, फोटोत समुद्र, माडाची झाडं, लांबवर पाण्यात किल्ला, सगळं जुळत होतं. निघायच्या आदल्या रात्री त्याने लोकेशन उघडलं तर ते रत्नागिरी जिल्ह्यातलं निघालं. पैसे परत मिळाले नाहीत. फोटोतला किल्ला खराच होता, फक्त तो जंजिरा नव्हता, सुवर्णदुर्ग होता.

तर आधी पत्ता नीट बघून घ्या. एक मुरुड रायगड जिल्ह्यात, स्वतः तालुक्याचं गाव, अलिबागहून रेवदंडा, काशीद करत किनाऱ्याने खाली आलं की साधारण पन्नास किलोमीटरवर, पिनकोड ४०२ ने सुरू होतो, रस्त्यावर गाड्या एमएच ०६ च्या दिसतात. दुसरं मुरुड रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातलं एक गाव, हर्णै आणि कर्दे यांच्या मधलं, पिनकोड ४१५ चा, गाड्या एमएच ०८. पहिल्यासाठी मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो ने मांडवा गाठता येतं, रेल्वेने यायचं तर रोहा स्टेशन. दुसऱ्यासाठी कोकण रेल्वेचं खेड, तिथून दापोली आणि मग खाली समुद्राकडे. शिवाय लातूर जिल्ह्यातही एक मुरुड आहे जिथे समुद्राचा काही संबंध नाही, आणि मुरुडेश्वर म्हणजे शंकराची ती प्रचंड मूर्ती असलेलं, ते तर कर्नाटकात. त्यामुळे एसटीची पाटी वाचताना किंवा रूमचे पैसे भरताना तालुका आणि जिल्हा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पण पत्त्याची चूक सुधारता येते, मला जास्त वाईट वाटतं ते लोक "चला, हे नाही तर ते, बीच तर बीच" असं म्हणतात तेव्हा. दोन्हीकडे वाळू आहे, दोन्हीकडे नारळी पोफळी आहेत, दोन्हीकडे सूर्य समुद्रातच बुडतो, आणि दोन्हीकडे समोर पाण्यात किल्ला आहे. पण जंजिरा आणि सुवर्णदुर्ग या दोन किल्ल्यांची गोष्ट एकमेकांच्या बरोब्बर उलट आहे. एक किल्ला मराठ्यांना शेवटपर्यंत घेता आला नाही, आणि दुसऱ्या किल्ल्यावर मराठ्यांचं आरमार वाढलं. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं की बीच बघून ठरवू नका, किल्ला बघून ठरवा.

जंजिऱ्याच्या मुरुडला एक घोळ अगदी हमखास होतो. तुम्ही मुरुडच्या बीचवर उभे राहता, समोर समुद्रात तटबंदी दिसते, आणि सगळे मोबाईल काढून "जंजिरा, जंजिरा" करत फोटो घेतात. तो जंजिरा नाही हो. तो पद्मदुर्ग, म्हणजे कासा किल्ला, शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला मुद्दाम बांधलेला. जंजिरा बघायला अजून चारपाच किलोमीटर दक्षिणेला राजपुरीला जावं लागतं, तिथून होड्या सुटतात. महाराजांच्या एका पत्रात तर म्हटलंय की पद्मदुर्ग वसवून राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी केली आहे. पद्मदुर्गाच्या बुरुजावरच्या पाकळ्या कमळासारख्या आहेत, आणि जवळून बघितलं तर अंगावर काटा येतो असं एक दृश्य दिसतं, खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी दगड झिजून आत गेलेत पण दोन दगडांमधला चुना तसाच उभा आहे, त्यामुळे भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. बोट लावून बघा, दगडाच्या जागी खळगा आणि चुन्याची कड धारदार.

जंजिरा हा शब्दच मुळात अरबी जझीरा, म्हणजे बेट, त्यावरून आलेला. तिथे सत्ता सिद्दींची, मूळचे आफ्रिकेतल्या हबसाणातले (आजच्या इथिओपियाकडचे) लोक, दर्यावर्दी आणि चिवट. शिवाजी महाराजांनी पुन्हा पुन्हा मोहिमा काढल्या. एकदा तर किल्ल्यावरचा सिद्दी सरदार फत्तेखान किल्ला देऊन टाकायच्या विचारात आला होता, पण त्याच्याच माणसांनी त्याला बाजूला सारलं आणि सिद्दी मोगलांच्या आश्रयाला गेले. लाय पाटलांची गोष्ट आमच्या सासऱ्यांनी मला पहिल्यांदा सांगितली ती राजपुरीच्या धक्क्यावर उभं राहून. लाय पाटील हे कोळी, त्यांनी आपल्या माणसांसह रात्रीच्या अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या आणि वाट बघत थांबले, पण मागून यायची ती फौज वेळेत आली नाही आणि पहाट व्हायला लागली तशा शिड्या काढून परतावं लागलं. महाराजांनी त्या धाडसाबद्दल त्यांना पालखीचा मान दिला तर ते म्हणाले आम्ही दर्यातली माणसं, पालखी घेऊन काय करू, तेव्हा त्यांच्यासाठी गलबत बांधायला सांगितलं आणि त्या गलबताचं नाव ठेवलं पालखी. सासरे हे सांगताना थांबले होते मधेच, आवाज जड झाला होता.

संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये वेगळाच मार्ग धरला, राजपुरीच्या किनाऱ्यावरून थेट किल्ल्यापर्यंत समुद्रात दगड टाकून सेतू बांधायला घेतला. मोगलांची फौज दुसऱ्या बाजूने चालून आली म्हणून ते काम अर्धवट सोडावं लागलं. पुढे पेशवाईतही मोहिमा झाल्या, चिमाजी अप्पांनी १७३६ मध्ये सिद्दी सात नावाच्या सरदाराला लढाईत मारलं, बराच मुलूख सुटला, तरी जंजिरा काही हाती आला नाही. ते संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं तेव्हाच तो किल्ला आपला झाला.

किल्ल्यात गेलात की दरवाज्यापाशी घाई करू नका. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, नुसती भिंत वाटते, आणि मग एकदम तटाच्या कुशीतून तो उघडतो. दरवाज्याजवळच्या भिंतीवर एक शिल्प आहे, वाघासारखा दिसणारा प्राणी, त्याच्या पंज्यांत हत्ती पकडलेले, शेपटीतही एक गुंडाळलेला, आणि ते हत्ती इतके छोटे कोरलेत की मांजराने उंदीर धरावेत तसे. आत कलालबांगडी तोफ, सुरुलखानाच्या वाड्याच्या भिंती, आणि चारी बाजूंनी खारा समुद्र असताना गोड्या पाण्याचा मोठा तलाव. होडीवाले ठराविक वेळ देतात आणि ती कमी पडते. आधी तलाव आणि तटावरची फेरी करा, तोफेपाशी फोटोला गर्दी असते, ती शेवटी. बाहेर गावात नवाबाचा राजवाडा रस्त्यावरूनच बघायचा, खाजगी मालकीचा आहे. खोकरीचे घुमट मात्र अवश्य बघा, सिद्दींच्या कबरी आहेत, फार कमी लोक जातात आणि तिथली शांतता मला फार आवडते.

आता माझं मुरुड. इथे बाजारपेठ अशी नाही, तालुक्याची कचेरी नाही, वाडीतल्या वाटा, जांभ्या दगडाचे गडगे, पोफळीच्या सावलीत ओलसर गारवा, आणि घराच्या मागच्या दाराने निघालं की पाच मिनिटांत समुद्र. जंजिऱ्याच्या मुरुडला बीचच्या कडेला हॉटेलं, घोडागाडी, शनिवार रविवारी मुंबईची गर्दी असं असतं, इथे कर्द्यापर्यंत लांबच लांब सपाट वाळू आहे आणि थंडीत सीगल पक्षी थव्याने उतरतात, सकाळी लवकर डॉल्फिन दाखवायला होड्या जातात (दिसतीलच असं नाही पण बऱ्याचदा दिसतात). लहान मुलं आणि आजीआजोबा बरोबर असतील तर मी डोळे मिटून हे मुरुड सांगेन.

आणि या गावाचं एक नाव कुणी विसरू नये, महर्षी धोंडो केशव कर्वे. त्यांचा जन्म १८५८ मध्ये खेड तालुक्यात शेरवलीला आजोळी झाला, पण लहानपण मुरुडात गेलं. परीक्षेला बसायला हा मुलगा मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेला, घाट चढून, आणि तिथे त्याला वय लहान दिसतंय म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. पुढे १८९३ मध्ये त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं तर याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. त्याच माणसाने पुढे बायकांसाठी विद्यापीठ काढलं, १९१६ मध्ये, आणि वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये, भारतरत्न मिळालं. मी शिकले, नोकरी केली, माझी मुलगी शिकतेय, त्यामुळे त्या गावातून चालताना मला नुसतं बीचवर आल्यासारखं वाटत नाही. दुर्गादेवीच्या देवळातले कोरीव लाकडी खांब बघायला थांबा, हात लावून बघावंसं वाटतं पण लावू नका.

इथला किल्ला म्हणजे सुवर्णदुर्ग, हर्णैच्या समोर. हर्णै मुरुडहून अगदी जवळ, रिक्षाने सहज. किनाऱ्यावर गोवा किल्ला, कनकदुर्ग, फत्तेगड असे तीन छोटे किल्ले आणि पाण्यात चौथा सुवर्णदुर्ग. आदिलशाहीकडून महाराजांनी तो घेतला आणि भक्कम केला, आणि इथेच कान्होजी आंग्रे नावारूपाला आले. परंपरेने अशी हकीकत सांगतात की जंजिऱ्याच्या सिद्दीने सुवर्णदुर्गाला वेढा घातला, किल्लेदारच फितूर व्हायच्या बेतात होता, आणि तरुण कान्होजींनी किल्ला हातात घेऊन राखला. म्हणजे हे दोन किल्ले एकमेकांचे शेजारी नाहीत तर एकमेकांचे वैरी होते, हे कळलं की दोन मुरुडांची गल्लत पुन्हा होत नाही. पुढे १७५५ मध्ये पेशव्यांनी कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांना बरोबर घेतलं आणि इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग पाडाव केला. आपल्याच आरमाराच्या किल्ल्यावर आपण दुसऱ्याच्या तोफा आणल्या, हे वाचलं तेव्हापासून मला त्या तटाकडे बघताना बरं वाटत नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले त्यात सुवर्णदुर्ग आहे. तरी तिथे जंजिऱ्यासारखी सोय समजून जाऊ नका. हर्णै बंदरात होडीवाल्याशी बोलून, भरती ओहोटी विचारून जावं लागतं, आम्ही गेलो तेव्हा गुडघाभर पाण्यातच उतरलो होतो. आत झाडी माजलेली, पाण्याची बाटली आपली आपण न्यायची. पण दरवाज्याच्या पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीवरचा मारुती बघितला की सगळं वसूल. पावसाळ्यात दोन्हीकडच्या होड्या बंद असतात, जून ते ऑगस्टमध्ये किल्ल्यासाठी म्हणून निघूच नका.

संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव चुकवू नका. ट्रॉलर आत येतात, बैलगाड्या चाकं बुडेपर्यंत पाण्यात जातात, टोपल्यांतून सुरमई, पापलेट, कोळंबी वाळूवर येते आणि बायका बोली लावतात, एवढा कालवा की शेजारच्याचं ऐकू येत नाही. बाजारात दर माहीत नसेल तर आधी दोन लिलाव नुसते ऐका.

वेळ असेल तर माझं ऐका आणि दोन्ही करा, पण एकाच दिवसात नाही. जंजिरा बघून आगरदांड्याला या, तिथून गाडीसकट फेरीबोटीने दिघी, मग श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून दुसरी फेरीबोट वेसवीला, मग केळशी आणि आंजर्लं. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीच्या देवळापाशी गाडी लावा. खाली समुद्र, माडांची रांग, आणि पाण्यात सुवर्णदुर्ग आख्खाच्या आख्खा दिसतो, आदल्या दिवशी बघितलेला जंजिरा अजून डोळ्यांसमोर असतो. आमच्या ह्यांनी तिथे पहिल्यांदा दोन्ही किल्ले असे लागोपाठ बघितले तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, फोन कर आईंना, जेवायला येतोय म्हणून सांग.